सर लुशियसच्या घरातल्या नोलनआजी

नोलनआजींच्या सत्काराची गोष्ट आमच्या घरात निघाली की ती ठरलेल्या वळणाने जाते. आई म्हणते, "पोरगं होतं हो, त्याला तिकडचं काय कळणार?" बाबा मान हलवतात, पाहुणे हसतात आणि कुणीतरी पोळ्या वाढायला घेतं. त्या हसण्यात मीही बरीच वर्षं सामील होत आलो. पण मला सगळं कळत होतं. बोलू नकोस असं मला स्पष्ट सांगितलेलं होतं, मी शब्द दिला होता, आणि भरल्या हॉलमध्ये माईकसमोर उभं राहून तो मोडला. दुसऱ्या दिवशी जिन्यात जे केलं ते त्याहून वाईट होतं. आईला आता खरं काय ते माहीत आहे, तरी ती पाहुण्यांना जुनीच गोष्ट सांगते. आईच ती. म्हणून खरी गोष्ट मलाच लिहायला हवी.

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वुस्टर शहराच्या, शेजारच्या श्रूजबरी गावाकडच्या टोकाला, तळ्याच्या अलीकडे, एका तीन मजली लाकडी घराचा मधला मजला आम्ही भाड्याने घेतला. त्या शहरात अशी घरं रांगेने उभी आहेत. एकावर एक तीन सारखे संसार, प्रत्येकाला मागे एक लाकडी गॅलरी आणि तिन्ही गॅलऱ्यांना जोडणारा कुरकुरणारा जिना. तळमजल्यावर नोलनआजी राहत. जन्मभर पिवळी स्कूल बस चालवून त्या निवृत्त झाल्या होत्या, नवरा जिम वारला होता, मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर पेगी. त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. आईने सवयीने त्यांनाही आजी म्हणायला शिकवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नातवंडं आहेत, आणि त्यांचाच मला कंटाळा आहे. पेगी म्हण." त्या दोघींची मैत्री तीस वर्षांची; पेगी नोलनआजींना डॉट म्हणत. संध्याकाळी पेगी आपल्या स्वयंपाकघरातल्या हीटिंगच्या पाइपावर चमच्याने ठोकत. तो आवाज आमच्या भिंतीतून खाली जाई, आणि खालून तसंच उत्तर येई. मग पेगींच्या सपाता आमच्या मागच्या दारावरून फटफटत उतरत. आईने पहिल्या आठवड्यात घाबरून प्लंबरला बोलवायला सांगितलं होतं.

विमानं त्या इमारतींवर आदळली त्या सप्टेंबरात आम्हाला येऊन जेमतेम एक उन्हाळा झाला होता. बाबांना दाढी होती. आईने ती दुसऱ्याच दिवशी काढायला लावली, आणि बाबांची इतकी लहान हनुवटी मी पहिल्यांदा पाहिली. पेगी कुणाला न विचारता घराच्या पुढच्या पायऱ्यांपाशी घडीची खुर्ची टाकून बसू लागल्या. एखादी गाडी आमच्या खिडकीखाली उगाच हळू झाली की त्या मोठ्याने विचारत, "रस्ता चुकलात का? सांगू?" नोलनआजी आईला आपल्या गाडीतून किराण्याला नेत. दुकानात आईचा हात स्वतःच्या हातात अडकवून चालत. त्या थंडीत आमचं इथे टिकणं या दोन म्हाताऱ्यांमुळे झालं, हे बाबा अजून म्हणतात.

आई दुपारी कॉलेजात एक कोर्स करू लागली, आणि शाळा सुटल्यावर मी नोलनआजींकडे थांबू लागलो. त्यांचं स्वयंपाकघर मला आजही वासाने आठवतं. ओलसर लोकर, टोस्ट, आणि यीस्ट न घालता सोड्यावर फुगवलेला तो मनुके घातलेला पाव. जाड कापायचा, वर लोण्याचा थर. पाच वाजता पेगी उतरत आणि चहा होई. आई परतली की कधी थालीपीठ, कधी बटाट्याची पिवळी भाजी खाली पाठवी. पेगी भाजीवर लिंबू पिळून घेत आणि म्हणत, "या बटाट्याने आमची निम्मी माणसं मारली, आणि तुम्ही त्याला हळद लावून नटवता!" मग दोनदा वाढून घेत.

बटाट्याचा विषय निघाला की पेगींची गोष्ट यायचीच. त्यांची पणजी नोरा, आयर्लंडच्या पश्चिमेला ग्लेनारू नावाच्या वस्तीतली. बटाट्यावर रोग पडला, लागोपाठ पिकं कुजली, खंड थकला. मग जमीनदाराची माणसं आली आणि घरांची छपरं दोर लावून ओढली. नोराची आजी अंथरुणाला खिळलेली. तिला दाराची फळी काढून त्यावर बाहेर आणलं, आणि ती त्या फळीवरच गेली. उरलेल्यांना जमीनदाराने आपल्या खर्चाने जहाजात घालून अमेरिकेला धाडलं. "आणि धक्क्यावर निरोपाला आला!" इथे पेगी कप आदळत. "सर लुशियस व्हॅरो, बॅरोनेट. माल नीट चढला की नाही बघायला. आणि आमच्यासमोर हॅट काढली मेल्याने. आमच्यासमोर!" मी ही गोष्ट पहिल्याच वर्षी तीन-चारदा ऐकली. दर वेळी नोलनआजी शांतपणे किटली उचलत आणि म्हणत, "अजून घे, पेग."

माझ्या फुशारकीतून पुढचं सगळं निघालं. आमचं घराणं कोकणातल्या खोतांचं. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. कूळकायद्यात जमिनी गेल्या, ऐट मात्र घरात राहिली. शाळेत मला कुणी ओळखत नव्हतं, मुलं माझ्या डब्याला नाक मुरडत, म्हणून मी ती सगळी ऐट नोलनआजींपुढे मांडत असे. आमच्या पणजोबांची किती गावं होती, कुळं कशी लवून बोलायची. एकदा म्हणालो, "लोक आमच्या अंगणात पायऱ्यांच्या खाली चपला काढून उभे राहायचे. वर यायची परवानगी नव्हती."

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. "आणि पाऊस असला तर?"

असा विचार मी कधी केला नव्हता. "भिजत असतील," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही भिजत असत."

त्या हिवाळ्यात, पेगी उतरायच्या आधीच्या त्या दोन तासांत, मला नोलनआजींच्या तोंडून सर लुशियसचं सगळं घर भेटलं. बॅरोनेट ही बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणारी पदवी, हे मला तेव्हा कळलं. बाप घोड्यावरून पडून मेला आणि लुशियस मिसरूड फुटायच्या वयात 'सर' झाले. घराचं नाव कासल व्हॅरो. कासल म्हणजे किल्ला, पण तो काही किल्ला नव्हता. राखाडी दगडाचं चौकोनी घर, पश्चिमेकडून गळणारं. वंशाने इंग्रज, धर्माने प्रोटेस्टंट, पण सात पिढ्या तिथेच. इंग्लंडला गेले की आयरिश म्हणून चेष्टा, आणि घरी परतले की इंग्रज म्हणून दुरूनच नमस्कार. सर लुशियस बोलताना अडखळत. माणसांपेक्षा झाडांपाशी त्यांना मोकळं वाटे. बागेच्या दक्षिणेच्या भिंतीवर त्यांनी नाशपातीची झाडं फांद्या हातांसारख्या पसरून चढवली होती, आणि थंडी पडली की त्यांना स्वतः गोणपाट बांधत. लेडी अ‍ॅन ही त्यांची बायको. मोठ्या आवाजाची, हिशेबाला पक्की. मुलं पुष्कळ झाली, काही गेली. थोरली हॅरिएट बापाची लाडकी. रोज सकाळी बापाबरोबर घोड्यावरून वस्त्यांत फिरे. सर लुशियसना प्रत्येक कुळाचं नाव माहीत होतं. "कुळाचंच नाही," नोलनआजी म्हणाल्या, "त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा."

मग बटाटे कुजले. लहान कुळांवरचा कर जमीनदाराने भरायचा असा कायदा होता, म्हणजे जितकी गरीब कुळं तितका बोजा मोठा. घर गहाण पडलेलं. लेडी अ‍ॅन मागच्या अंगणात कढया लावून रोज पेज वाटत होत्या, आणि आतल्या खोलीत त्यांचा नवरा आणि कारभारी नकाशावरून ठरवत होते, कुठली वस्ती उठवायची. ग्लेनारू उठली. सर लुशियस स्वतः गेले नाहीत. ते दिवसभर नाशपातीच्या भिंतीपाशी होते. पण जहाजाच्या दिवशी धक्क्यावर गेले. हॅरिएटने जाऊ नका म्हटलं होतं.

"आणि हॅट काढली," मी म्हणालो.

नोलनआजी माझ्याकडे बघत राहिल्या. नाव तेच असूनही, पेगींची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच माणसाची आहे हे मला तेव्हाच नीट दिसलं. "प्रेतयात्रा जाताना ते हॅट काढत," त्या हळू म्हणाल्या. "त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसेल. पेग म्हणते तेही खोटं नाही. धक्क्यावरून तसंच दिसलं असणार."

माणसं गेली, कुत्री मागे राहिली. ती एकेक करून कासल व्हॅरोच्या मागच्या दाराशी आली, आणि सर लुशियस त्यांना रोज स्वतःच्या हाताने खायला घालू लागले, प्रत्येकाला नावाने हाक मारून. हॅरिएटने ते पाहिलं. त्या संध्याकाळी ती बापाच्या टेबलावर जेवायला बसली नाही, आणि पुन्हा कधीही बसली नाही. त्याच घरात राहिली, लग्न केलं नाही, बाप आजारी पडला की त्याची सेवा केली, पण जेवली वरच्या खोलीत म्हाताऱ्या दाईबरोबर. सर लुशियस रोज तिचं पान मांडायला लावत. वीस-बावीस वर्षं त्या घरात ती खुर्ची मांडली आणि उचलली गेली. "हॅरिएटचं बरोबर होतं," नोलनआजी म्हणाल्या. "पण मला त्या खुर्चीसमोर बसणाऱ्या म्हाताऱ्याची दया येते. दोन्ही वाटलं तर चालतं का रे?" मी पंधरा वर्षांचाही नव्हतो. मी म्हणालो, चालत असेल.

पुढे थोरल्या मुलाने शर्यतीच्या घोड्यांवर उरलंसुरलं उडवलं. त्याला वारस नव्हता, पदवी संपली. नंतर आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत घर जळलं. नोलनआजी या धाकट्या मुलाच्या नात, म्हणजे सर लुशियस त्यांचे सख्खे पणजोबा. त्या वाढल्या जुन्या फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या दोन ओलसर खोल्यांत. जळक्या घरातून सर लुशियसचं तैलचित्र तेवढं वाचलं होतं. ते छतापेक्षा उंच, म्हणून भिंतीला तिरकं टेकवलेलं. लहानपणी त्या त्याच्या पायथ्याशी झोपत. "मला त्यांचे बूटच जास्त आठवतात," त्या हसून म्हणाल्या. तरुणपणी त्या बोस्टनला आल्या, जिमशी लग्न करून कॅथलिक झाल्या, आडनाव नोलन झालं. फाटकापाशी वाढले, एवढंच लोकांना सांगत. लोक समजत, पहारेकऱ्याची मुलगी.

"पेगीला का नाही सांगितलं?"

"आम्ही या घरात राहायला आलो त्याच दिवशी ती केक घेऊन खाली आली. केक कापायच्या आधी तिने मला नोराची गोष्ट सांगितली." त्यांनी विणकाम उचललं. "त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण मला मैत्रीण हवी होती. मग एक वर्ष गेलं, मग दहा गेली. आता सांगितलं तर ती विचारेल, तीस वर्षं चहा ओतत काय बसली होतीस? ऐक, तू हे कुणाला सांगायचं नाहीस. पेगला तर मुळीच नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. हात पुढे करून, अमेरिकन पद्धतीने.

दोन वर्षांनी बाबांनी श्रूजबरीत घर घेतलं. निघण्याआधी नोलनआजींचा सत्कार करायचा हे त्यांनीच ठरवलं. बाबा मराठी मंडळाचे जुने कार्यकर्ते, सत्कार म्हटलं की त्यांच्या अंगात येई. शाल, श्रीफळ आणि सत्कारमूर्तींचा परिचय, यातलं काहीही गाळायचं नाही. पेगींनी खटपट करून त्यांच्या चर्चचा तळघरातला हॉल मिळवून दिला. सत्कार पेगींचाही करू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला शाल द्या, नारळ नको. तो फोडायला या वयात हातोडा कुठून आणू?" शेवटी फक्त नोलनआजींचा ठरला. निम्मा हॉल मंडळाच्या लोकांचा, निम्मा चर्चच्या. एकीकडे बटाटेवडे, दुसरीकडे हॅमची सँडविचेस, आणि मध्ये आईने इंग्रजीत लिहून लावलेली चिठ्ठी की कुठलं कुणी खावं. परिचय मी करून द्यायचा होता, कारण माझं इंग्रजी चांगलं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मंडळातल्या सुलभाकाकू बाबांपाशी आल्या. त्या एका डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या आधी पंचवीस वर्षं आलेल्या. म्हणाल्या, "सत्कार करताय ते छानच. पण बस चालवायच्या ना त्या? मला वाटलं, कुणी प्रोफेसर वगैरे असतील." मी शेजारीच उभा होतो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की काकूंच्या त्या वाक्याने मला डिवचलं आणि ऐनवेळी माझ्या तोंडून ते निघून गेलं. ते खरं नाही. ते वाक्य मी आठवडाभर बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहत होतो. परिचय म्हटला की घराणं सांगायचं, हे मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकलेलं. अमक्या सरदारांच्या घरातल्या, तमक्या दिवाणांच्या नात, आणि मग टाळ्या. माझ्याकडे हॉलमधल्या कुणाहीपेक्षा मोठं घराणं होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या. त्या मंडळाच्या पोरांसमोर हव्या होत्या, जी मला अजून नवीन समजत. पेगींचा विचार आला नव्हता असंही नाही. मी मनाशी चित्र रंगवलं होतं की पेगी उठतील, दोघी रडतील, मिठी मारतील, आणि सगळं माझ्यामुळे झालेलं असेल.

बाबांनी शाल पांघरली, आईने कुंकू लावलं, नोलनआजी नारळ मांडीवर धरून खुर्चीत बसल्या. कपाळावरचं कुंकू पुसू नये म्हणून त्या मान ताठ धरून होत्या. मी सप्टेंबरबद्दल बोललो, पावाबद्दल बोललो, लोक हसले. मग म्हणालो, "पण तुम्हाला वाटत असेल, या फक्त एक बस ड्रायव्हर. नोलनआजी म्हणजे कासल व्हॅरोचे बॅरोनेट सर लुशियस व्हॅरो यांच्या सख्ख्या पणती आहेत."

माझ्या उजवीकडचा अर्धा हॉल कडाडून टाळ्या वाजवू लागला. कुणीतरी "वा!" म्हटलं. सुलभाकाकू तर उभ्याच राहिल्या. डावीकडचा अर्धा हॉल गप्प होता. त्यातल्या सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं असं नाही, पण पेगींची गोष्ट ऐकलेले बरेच होते आणि ते पेगींकडे बघत होते. पेगी खाली पायापाशी ठेवलेली पर्स शोधत होत्या. ती सापडायला त्यांना वेळ लागला. मग त्या उठल्या, शेजारणीला "एक्स्क्यूज मी" म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. नोलनआजी उठायला गेल्या, पण मांडीवर नारळ होता आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना. माझ्या आईने धावत जाऊन तो घेतला. उजवीकडच्या टाळ्या अजून चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला मागच्या जिन्याने खाली घेऊन गेले. त्यांना एव्हाना कुणीतरी समजावून सांगितलं होतं. नोलनआजींनी दार उघडलं आणि मी पढवल्याप्रमाणे म्हणालो, "सॉरी. मला माहीत नव्हतं." तेवढ्यात वरून पेगी उतरल्या. हातात धुण्याची टोपली होती. आमच्याहून चार पायऱ्या वर त्या थांबल्या आणि नोलनआजींकडे न बघता मला म्हणाल्या, "पोरा, मला एकच सांग. हे सांगू नकोस असं डॉटने तुला सांगितलं होतं की नव्हतं?"

तेव्हा मला वाटलं, पेगी मला रागावताहेत. त्या प्रश्नाचा अर्थ मला खूप उशिरा कळला. लोकांच्या परिचयात काय बोलायचं ते सत्कारमूर्तीच पुरवतात, असं कुणालाही वाटणार. डॉटने हे स्वतः मिरवायला सांगितलं, की तिला हे लपवायचं होतं, लाज होती, एवढंच पेगींना हवं होतं. लपवलं असतं तर त्यांनी ते समजून घेतलं असतं. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हणालो, "नाही. नव्हतं सांगितलं."

नोलनआजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग वर बघून म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं, पेग. मी त्याला काही बजावलं नव्हतं."

"म्हणजे याला परीकथेसारखं सांगितलंस," पेगी म्हणाल्या. "आणि मला तीस वर्षं नाही." त्या टोपली घेऊन तशाच वर गेल्या. धुणं खाली तळघरात व्हायचं होतं.

आम्ही त्याच आठवड्यात श्रूजबरीला गेलो. उन्हाळा संपायच्या आत पेगी होल्डनला मुलीकडे राहायला गेल्या. वरचा मजला नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी घेतला. आई दर महिन्याला नोलनआजींकडे डबा घेऊन जाई. मी अभ्यास आहे म्हणे, मॅच आहे म्हणे, आणि मग कॉलेज आलं. त्यांनी माझी विचारपूस कधी सोडली नाही. त्यांनी एकदा तरी मला झापलं असतं तर मी सुटलो असतो. आज माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलते आणि मी तिला पाठीशी घालतो, तेव्हा मला तो जिना आठवतो. पाठीशी घातलेल्या मुलाला काय काय उचलून न्यावं लागतं ते मला माहीत आहे, तरी मी घालतोच.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत होतो तेव्हा डिसेंबरात बर्फाचा पाऊस पडला. झाडं काचेसारखी झाली, फांद्या तारांवर कोसळल्या, शहराचे दिवे कित्येक दिवस गेले. आमच्या घरी गॅसची शेगडी आणि फायरप्लेस होती, म्हणून आई नोलनआजींना घेऊन आली. मीही सुट्टीला आलो होतो. त्या आता वाकल्या होत्या. दुपारी फायरप्लेसपाशी बसून आईबरोबर मटार सोलत होत्या. मध्येच म्हणाल्या, "होल्डनला पण दिवे गेलेत म्हणतात. पेगला थंडी सोसत नाही."

आई म्हणाली, "मग फोन करा ना. नंबर आहे माझ्याकडे."

"नको," त्या म्हणाल्या. "तिला वाटेल, मोठ्या घरची बाई कुळाची चौकशी करतेय."

एवढंच बोलल्या आणि मटार सोलत राहिल्या. मी हातातलं वाडगं खाली ठेवलं. आईला मराठीत म्हणालो, "आई, त्यांनी मला बजावलं होतं. मी प्रॉमिस केलं होतं. पेगींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

आई म्हणाली, "काय बोलतोस तू?" बाबा पेपरामागून बाहेर आले. "माझ्यासमोर बोललास तू ते," ते म्हणाले. "माझा हात होता तुझ्या खांद्यावर." नोलनआजींना मराठी कळत नव्हतं, पण कशाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे रे. लहान होतास." मला ते सहन होईना. मी गाडीची किल्ली घेतली. आईने मला थांबवलं नाही. दाराशी येऊन तिने फक्त माझ्या हातात लोकरी टोपी दिली.

आता त्या दोघीही नाहीत. शेवटची दोन वर्षं त्या रविवारी फोनवर बोलत, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे बोलत कसल्या, भांडत. सर लुशियसनी हॅट काढली ती कशासाठी, यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पेगी म्हणत, "तुझा तो म्हातारा." नोलनआजी म्हणत, "हो, माझाच." त्याचं श्रेय मी घेत नाही. माझ्यामुळे वाया गेलेली मधली वर्षं त्यांना कुणी परत दिली नाहीत.

त्या दुपारी होल्डनचा रस्ता फांद्यांनी अर्धा बंद होता. पेगींच्या मुलीच्या घरामागे जनरेटर घरघरत होता. दार पेगींनीच उघडलं. अंगावर दोन स्वेटर, वर कोट. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"केवढा वाढलास! तुझी आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग? डॉटचं काही झालं का?" हे मात्र त्यांनी भरकन विचारलं.

"नाही. त्या आमच्याकडे आहेत. त्यांनी मला पाठवलेलं नाही."

त्या दारातच उभ्या राहिल्या. "बोल मग. ऊब बाहेर चाललीय."

मी गाडीत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. मी लहान होतो, देशात नवीन होतो, आमच्याकडे घराणं सांगायची पद्धत असते. यातलं सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही मी उच्चारलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही जिन्यात मला एक प्रश्न विचारला होता. मी खोटं उत्तर दिलं. नोलनआजींनी मला बजावलं होतं. कुणाला सांगू नकोस, तुम्हाला तर मुळीच नाही, असा शब्द घेतला होता माझ्याकडून. त्यांना ते मिरवायचं नव्हतं. त्यांना तुम्ही जाल अशी भीती होती. मी टाळ्यांसाठी शब्द मोडला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून त्यांच्यावर ढकललं. मी वाचावं म्हणून त्या तुमच्याशी खोटं बोलल्या. चूक माझी होती, पेगी, त्यांची नव्हती. मी तुमची माफी मागायला आलोय."